बटणनानांच्या घरातला रामशेज

उगाच जळणाऱ्या दिव्याचा वास येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तुम्ही म्हणाल, दिव्याला कसला वास? तुमच्या-माझ्या नाकाला नाही येत, बटणनानांच्या नाकाला यायचा. मखमलाबाद रोडवरच्या आमच्या कॉलनीत सतरा रो-हाऊस. नाना पहिल्या घरात. सतराव्या घराच्या संडासातला दिवा चालू राहिला, की नाना हातातला घास ताटात ठेवायचे, नाक वर करायचे, म्हणायचे, "सतरा नंबर!" आणि उष्ट्या हातानं निघायचे. एकदा तर त्यांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून पंचवटीतल्या मेव्हण्याच्या माळ्यावरचा दिवा ओळखला. फोन केला, मेव्हणा शिडी लावून वर गेला, आणि दिवा खरंच चालू! मी खोटं सांगत नाही. फार तर अंतर थोडं वाढवून सांगत असेन.

कुणाच्या घरात शिरताना नानांनी कधी कडी वाजवली नाही. आत यायचे, बटण खटकन खाली करायचे आणि मग रामराम. "काय रे, मंत्री झाला का तू? दिवसाढवळ्या ट्यूब?" माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते. पोहे फिरत होते, मुलगी आत्ताच समोर येऊन बसली होती, आणि नानांनी येऊन हॉलचा दिवाच घालवला. पाहुण्यांच्या तोंडात पोह्याचा घास तसाच. नानांनी शांतपणे पडदा सारला. "आमची पोरगी उन्हात बघा. ट्यूबखाली भाजी पण ताजी दिसते." लग्न जमलं. बहीण अजून म्हणते, माझं लग्न नानांनी शून्य युनिटात लावलं.

ही खोड कुठून आली, तर मळ्यातून. नानांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या फुलांची शेती. गुलाब, शेवंती, झेंडू पहाटे बाजारात न्यायची. मळ्यातली मोटार लाइटवर, आणि लाइट स्वतःच्या मर्जीवर. ती कधी यायची, कधी जायची, याचा पत्ता नसे. त्यामुळे नानांचं म्हणणं ठरलेलं, "लाइट म्हंजे पाहुणी. आली की काम उरकून घ्यायचं अन्‌ निरोप द्यायचा. बसवून ठेवली की घर खाते." पुढे मळ्याच्या जागी बिल्डिंगा आल्या, नाना रो-हाऊसमध्ये आले, चोवीस तास लाइट आली. पण पाहुणीबद्दलचं मत बदललं नाही.

दुसरा अभिमान शरीराचा. "मळ्यातलं शरीर हाये हे. याला उकाडा लागत नाय." आणि याला पुरावा होता! मे महिन्यात आख्खं नाशिक भट्टीतल्या पावासारखं फुगलेलं असताना नाना दुपारी दोनला आतल्या खोलीत झोपायचे आणि चारला गळ्यापर्यंत गोधडी ओढलेल्या अवस्थेत उठायचे. बाहेर येऊन आम्हाला ती गोधडी दाखवायचे. "बघा! तुम्ही लोकं घामानं भिजले, अन्‌ मला गारठा लागला." त्याच खोलीत परगावी राहणाऱ्या मुलानं सहा वर्षांपूर्वी हौसेनं बसवलेला एसी होता. त्याच्यावर नानांनी जुन्या चादरीचा बुरखा घातला होता. "शोभेला हाये. हात लावायचा नाय." उन्हाळ्यात बिल जरा फुगायचं, त्याचंही शास्त्र त्यांच्याकडे होतं. उन्हानं मीटर तापतो आणि तापला की पळतो. बैलाचं नाही का तसंच असतं!

मग आले स्मार्ट मीटर. दोन माणसं पिशवी घेऊन आली आणि दहा मिनिटांत जुना काढून नवा ठोकून गेली. नानांनी त्यांना एकच विचारलं, "हा स्मार्ट, मग आधीचा काय येडा होता?" ते हसले आणि पुढच्या घरी गेले. कॉलनीत मात्र नुसता गोंधळ. कुणी म्हणे, हा मीटर घरातलं बोलणं ऐकतो. तीन नंबरच्या वहिनी मीटरजवळ सासूविषयी बोलेनाशा झाल्या. नऊ नंबरच्या सरांनी मीटरला लिंबू-मिरची बांधली आणि "यामागे सायन्स आहे" असं सांगितलं. ते शाळेत सायन्सच शिकवायचे.

नव्या मीटरची गंमत अशी, की कुठल्या तासाला किती वीज जळली त्याची रेघ मोबाइलवर दिसते. नानांचा फोन बटणांचाच, त्यामुळे त्यांचा मीटर माझ्या मोबाइलला जोडला. माझं झेरॉक्सचं दुकान दुपारी एक ते चार बंद. एके दिवशी त्या वेळात मी नानांना रेघ दाखवली. सकाळी छोटा उंचवटा, संध्याकाळी छोटा उंचवटा, आणि दुपारी दोन ते पावणेचार हा भलामोठा सुळका.

नानांनी चष्मा पुसला, लावला, परत पुसला. "आरं, हा रामशेजचा किल्ला कुठून उगवला आपल्या घरात?"

"नाना, दुपारी काहीतरी चालतं तुमच्याकडे."

"दुपारी आमच्याकडे कोण चालणार? मी झोपलेला, नानी बसलेली. हा मीटर चोर हाये!"

नानी म्हणजे त्यांच्या मिसेस. त्या ओट्यावर शेंगा सोलत होत्या. मला आठवतंय, त्यांनी त्या क्षणी दाणे टोपलीत न टाकता कचऱ्यात टाकले आणि टरफलं टोपलीत.

नानांनी तक्रार केली. वीज कार्यालयातून इंजिनिअर मॅडम आल्या, तरुण, चटपटीत. म्हणाल्या, "काका, दुपारी मोठं काहीतरी लागतंय. गिझर? इस्त्री? एसी?"

"दुपारी या घरात फक्त माझं घोरणं चालतं."

"घोरण्याला युनिट पडत नाहीत, काका." मॅडमनी शेजारी तपासणीचा दुसरा मीटर लावला. आठ दिवस दोन्ही मीटर बघू म्हणाल्या. जाता जाता पुढे म्हणाल्या, "आणि दिवसा वापरलं तर दर थोडा कमीच पडतो. जो कोणी वापरतोय तो हुशार आहे."

हा टोला नानांना लागला. त्याच संध्याकाळी गणपतीच्या मंदिराच्या ओट्यावर कॉलनी जमलेली असताना त्यांनी सगळ्यांसमोर शपथ घेतली, "माझ्या घरात दुपारी कुणी एक बटण जरी दाबलं असलं, तर पुन्हा जन्मात कुणाच्या बटणाला हात लावणार नाय!" मग सोळा घरांनी मनातल्या मनात मीटरच्या नावानं नवस बोलले. सतरा नंबरवाल्यांनी तर मीटर जिंकला तर अकरा नारळ कबूल केल्याचं मला पक्कं ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवसापासून नानांनी पोर्चमध्ये मीटरखाली प्लास्टिकची खुर्ची टाकली. डोक्याला ओला पंचा, हातात काठी. दोन ते चार मीटरकडे टक लावून बसले. पहिल्या दिवशी रामशेज गायब, रेघ सपाट. दुसऱ्या दिवशी सपाट. तिसऱ्या दिवशीही सपाट.

"बघ!" नाना मांडीवर थाप मारून म्हणाले. "धाक लागतो धाक! नजर ठेवली की चोर सरळ येतो. आता सरकारनं प्रत्येक मीटरपुढे एकेक म्हातारा बसवावा, देशाचा प्रश्न मिटला."

चौथ्या दिवशी ऊन असं होतं, की पोर्चमधली नानांची सावली वितळून गटारीकडे वाहत निघाली. मी सोबतीला बसलो होतो. सव्वादोनला नानांची मान खाली गेली आणि घोरणं सुरू झालं. तोंड लालभडक, कपाळावरून घामाच्या धारा. एवढ्यात दार किलकिलं झालं आणि नानी बाहेर आल्या. हातात शेवयांचा डबा. झाकण उघडलं, शेवयांत हात घातला आणि आतून काढला एसीचा रिमोट!

"पाय धर त्यांचे," नानी कुजबुजल्या.

"नानी, म्हणजे..."

"हळू! सहा उन्हाळे झाले. डॉक्टर म्हणाले, बीपी आहे, उन्हाचं सांभाळा. यांना सांगितलं, तर म्हणाले मळ्यातलं शरीर हाये. मग मी यांना विचारणंच सोडलं. घोरायला लागले की लावते, उठायच्या आत बंद करून खिडक्या उघडते."

"आणि गोधडी?"

"गारठतात ना मग. मीच टाकते. धर रे लवकर, बघ कसे लाल झालेत."

बीपीच्या माणसाला त्या भट्टीत ठेवणं शक्य नव्हतं आणि उठवणंही शक्य नव्हतं. आम्ही नानांना खुर्चीसकट उचललं. ऐंशी किलोचा माणूस, शिवाय चाळीस किलो अभिमान. उंबऱ्याशी खुर्चीचा पाय अडकला, माझा दम संपला, आता नाना पडतात असं वाटलं आणि अचानक खुर्ची हलकी झाली. मला वाटलं, आपल्यात मारुती संचारला. घोरणं एका सुरात चालू. आतल्या खोलीत एसी लावला, दीड तासानं बंद केला आणि पावणेचारला तसंच उचलून पोर्चमध्ये आणून ठेवलं. काम फत्ते!

चारला नानांनी डोळे उघडले. मीटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या मांडीकडे. पोर्चमध्ये, बेचाळीस डिग्रीत, मळ्यातल्या त्या शरीरावर गळ्यापर्यंत गोधडी होती. सवयीनं नानींनी टाकलेली, आणि घाईत काढायची राहिलेली.

मी देवाचं नाव घेतलं. नाना उठले, गोधडीची नीट चौघडी केली आणि घरात नेऊन ठेवली.

आठव्या दिवशी मॅडम आल्या. ओट्यावर कॉलनी हजर, सतरा नंबरवाले पिशवीत नारळ घेऊन. मॅडम म्हणाल्या, "दोन्ही मीटर तंतोतंत एक सांगतात. चौथ्या दिवशी दुपारी वापर आहे. काका, कोणी लावलं होतं काही?"

मी नानींकडे पाहिलं. त्यांचा पदर मुठीत आवळलेला. नानांना कितीतरी सांगता आलं असतं. दोन्ही मीटर चोर आहेत म्हणता आलं असतं, बायकोचं नाव घेता आलं असतं, माझ्यावर ढकलता आलं असतं.

नाना उभे राहिले. "मीच लावला एसी. माझ्या हातानं. उकडत होतं."

त्या दोन शब्दांत मळ्यातलं शरीर गेलं आणि सोळा घरांची बटणंही गेली. कॉलनी इतकी हसली की मंदिराची घंटा आपोआप वाजली. नाना मिशीवर हात फिरवत हसण्यात सामील झाले. हसत नव्हत्या फक्त नानी.

शपथ नानांनी शेवटपर्यंत पाळली. लोकांकडे यायचे, चालू दिव्याखाली उभे राहायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधून. नुसते बघायचे. त्या बघण्यापेक्षा शिव्या परवडल्या. महिन्याभरात सगळी कॉलनी आपली आपण बटणं बंद करायला लागली. सतरा नंबरवाल्यांनी तर संडासाचा दिवाच काढून टाकला.

त्यांच्या घरात मात्र या विषयावर एक अक्षर निघालं नाही. रिमोट शेवयांतच राहिला, एसीवरची चादर रोज निघायची आणि रोज परत चढायची. पण माझ्या मोबाइलवर मला एक दिसत होतं. रामशेज दोनला सुरू व्हायचा तो हळूहळू पावणेदोनला सुरू व्हायला लागला, मग दीडला. नाना जेवून हात धुवायचे, आडवे व्हायचे आणि पाठ टेकायच्या आत घोरायचे. इतक्या लवकर झोप फक्त तान्ह्या मुलाला लागते. नाहीतर लबाड माणसाला.

मागच्या थंडीत नाना गेले. उन्हाळा येईपर्यंत थांबले नाहीत. एसीचा खर्च वाचवला, असं आम्ही कॉलनीवाले डोळे पुसत म्हणालो.

यंदाचा मे आला. मी रोज मोबाइल बघायचो. दुपारची रेघ सपाट. बाहेर वणवा, नानी पंचाहत्तरीच्या, आणि दुपारभर एक उंचवटासुद्धा नाही. शेवटी एके दिवशी गेलो. नानी पंख्याखाली बसल्या होत्या, चेहरा लाल.

"नानी, एसी लावत जा हो."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी!"

"मी पण मळ्यातलीच आहे," त्या म्हणाल्या.

मला राहवलं नाही. "नानी, एक सांगू का? नाना शेवटी शेवटी खोटं घोरायचे."

"मला सांगतोस?" नानी हसल्या. "पन्नास वर्षं ऐकलंय. खऱ्या घोरण्याला शेवटी शिट्टी असायची. खोटं घोरताना शिट्टी विसरायचे. खुर्चीसकट उचललं ना आपण, उंबऱ्यापासून पुढे शिट्टी नव्हती."

म्हणजे मारुती वगैरे काही नव्हता. उंबऱ्यावर नानांनीच पाय टेकवला होता.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर लावू दिला असता का त्यांनी?"

दोन वाजत आले होते. मी म्हणालो, "नानी, दुकान चारला उघडायचं आहे. आतल्या खोलीत जरा पडू का?" मी आत गेलो, नानांच्या कॉटवर आडवा झालो आणि डोळे मिटून दणदणीत घोरायला लागलो.

थोड्या वेळानं स्वयंपाकघरात शेवयांच्या डब्याचं झाकण वाजलं. खिडक्या लागल्या. गार वारा आला, अंगावर गोधडी आली, आणि कॉटशेजारी खुर्ची ओढून नानी बसल्याचा आवाज आला.

आता रोज दुपारी मी घोरायला जातो. शिट्टी काही मला जमत नाही. नानींना ते माहीत आहे.