एकादशीला दिलेला पेला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनासुद्धा नाही — आणि आमचा संसार तर असा, की ह्यांना माझं डोकं दुखतंय हेही मी न सांगता कळतं. मग हेच कसं कळलं नाही? मी कळू दिलं नाही, म्हणून.

बनारसला बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर. वरच्या खोलीत तेव्हा आइनो राहायची — फिनलंडची, संस्कृत शिकायला आलेली. माझे सासरे तात्या पाठशाळेतून निवृत्त झालेले. घरी कुणाला शिकवायचे नाहीत. हिला मात्र शिकवायला लागले. "हिचा 'ष' ऐका जरा, नाहीतर तुम्ही!" असं आम्हाला जेवताना ऐकवायचे. रोज दुपारी ती दाराशी चप्पल काढून, पोथी छातीशी धरून उभी राहायची. त्या तासासाठीच ती बनारसला राहिली होती.

तिच्या देशात मे महिना उजाडला की घरोघर एक पेय करतात. सिमा म्हणतात त्याला. किती साधं — आणि ती ते किती जिवापाड करायची! लिंबं निवडताना अख्खी टोपली उलथीपालथी. भाजीवाला वैतागला, "मैडम, नींबू ले रही हैं कि दूल्हा देख रही हैं?" साल अशी काढायची की आतला पांढरा पापुद्रा जराही येऊ नये, तो आला की कडू. मग लिंबू आणि साखरेवर उकळतं पाणी, रंगासाठी थोडी भुरी खांड, म्हणजे तांबूस साखर, आणि ते कोमट झालं की बेकरीतून आणलेलं यीस्ट — चिमटीपेक्षाही कमी. रात्रभर झाकायचं, सकाळी गाळून बाटल्यांत भरायचं, प्रत्येकीत थोड्या मनुका. त्या तळाशी बसतात. फुगून वर आल्या की समजायचं, झालं. तिकडच्या गारठ्यात म्हणे याला आठवडा लागतो. आमच्या गच्चीवर दुसऱ्याच दिवशी हाक आली, "भाभी! मुनक्के ऊपर आ गए!"

तो पहिला घोट मी कसा सांगू? आंबटगोड, आत कुठेतरी मधासारखा वास, आणि जिभेवर बारीक बारीक चिमटे. वैशाखातल्या उन्हात असं काही मी त्याआधी प्यायले नव्हते, नंतरही नाही. दोघी जिन्यात बसून प्यायलो आणि उगाच हसत सुटलो.

तेव्हाच तिनं सांगितलं — अगदी स्पष्ट. "भाभी, इसमें थोड़ा-सा नशा होता है. बहुत थोड़ा. पर गुरुजी को मत देना."

मी मान डोलावली.

दोन दिवसांनी एकादशी आली. तात्यांचे ओठ सुकलेले. लिंबू, साखर, मनुका — सगळं उपासाला चालणारं, नाही का? असं मी मनाशी म्हटलं खरं. पण मला यीस्ट आठवत नव्हतं का? आठवत होतं. लग्न होऊन आल्यापासून माझ्या हातच्या एकाही पदार्थाला तात्या बरं म्हणाले नव्हते. मला ते एकदा ऐकायचं होतं. मी पेला भरून दिला.

"अगं, हे काय अमृत केलंयस!" तात्या म्हणाले. "आण आणखी."

मी दुसरी बाटली आणली. तिचं झाकण मीच घट्ट लावलं होतं. उघडताच फस्सकन फेस आला, तात्यांच्या धोतरावर, पाटावर. त्यांनी ती नाकाशी नेली.

"यात काय आहे?"

"लिंबू, साखर, मनुका."

"आणि?"

दारात आइनो उभी होती. पाठाची वेळ झाली होती.

"मला नाही ठाऊक," मी म्हटलं. "तिनं केलंय. सरबत आहे म्हणाली."

तिला तोवर एवढं मराठी समजत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं — फक्त एकदा. मग हात जोडून म्हणाली, "गुरुजी, गलती मेरी है."

तात्या ओरडले नाहीत. "उद्यापासून येऊ नकोस," एवढंच म्हणाले, आणि भर उन्हात गंगेवर आंघोळीला गेले. महिनाअखेर तिनं खोली सोडली, मग बनारसही. जाताना माझ्याशी नेहमीसारखंच बोलली. इतकं मोठं मन कुठून आणतात माणसं?

तरीही मला वाटत होतं, एक ना एक दिवस मी तात्यांना सांगेन. संधी आली नाही, असं म्हणता येणार नाही. अखेरच्या आजारपणात मी त्यांना पेज भरवत होते, तेव्हा ते आपणहून म्हणाले, "ती पोर गुणाची होती गं. इतकी वर्षं शिकवलं, असा शिष्य मिळाला नाही. तिनं मला का फसवलं असेल?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. ते वाट पाहत होते.

"कोण जाणे, तात्या," मी म्हटलं, आणि पुढचा चमचा त्यांच्या तोंडाशी नेला.