खिळ्यावरचा बिल्ला

व्हिक्टोरियातल्या आमच्या गावातलं सोनं संपून जमाना लोटला, पण शाळेतली मास्तरीण मर्ल ट्रेगॉनिंग दरसाली पोरांना ते हुडकायला लावायची. सोनं म्हणजे जुन्या खुणा: चिन्यांनी खणलेला पाट, गाळ धुवायची जागा, पंपाचं मोडकं चाक. पोरं जोडीजोडीनं माळ पालथा घालायची. शाळेची बस माझ्याकडं, म्हणून मीही असायचो.

पद्धत तिनं खाणीचीच उचललेली. निघताना फळीवरनं आपला पितळी बिल्ला न्यायचा, आल्यावर खिळ्याला अडकवायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस अजून आत.

ह्याच पद्धतीनं तिच्या घराचं वाटोळं केलं होतं. खाणीत पाणी फुटलं त्या दिवशी तिच्या आज्याचा, जेबेझचा, बिल्ला खिळ्यावर होता. प्रेत सापडलं नाही. लोकांनी ठरवलं, वर आला आणि बायकापोरं टाकून पळाला. बुडालेल्यांच्या आठवणीला गावानं उभारलेल्या दगडावर त्याचं नाव नाही. आजी मरेस्तोवर म्हणायची, "कुणीतरी खाली राहिलं म्हणून माघारी उतरला असणार. तसलाच गडी होता."

मर्लचं शाळेतलं ते शेवटचं वर्ष. दगडाच्या कमिटीचा म्होरक्या क्लॉड पास्को बक्षिसं द्यायला आला होता.

"परत तोच विषय काढलायस म्हणे, मर्ल?"

"सुट्टीनंतर मी शाळेत नाही. मग तुला छळणार कोण?"

"पुरावा दे, उद्या कोरतो. बिल्ला खिळ्यावर होता, बाई. त्यापुढं मी काय बोलू?"

उन्हं कलली. सगळ्यांत शेवटी पर्ल नावाची पोरगी एकटीच आली, बिल्ला अडकवला. फळी भरली. मी इंजिन चालू केलं. मर्लनं डोकी मोजली आणि म्हणाली, "बंद कर. पर्लच्या जोडीची टॅमसिन नाही."

"तिचा बिल्ला तर हा लटकतोय," क्लॉड म्हणाला. "झोपली असेल मागं."

मागं कुणी नव्हतं. मर्लचा चेहरा राखेसारखा झाला. तो माळ म्हणजे जुन्या खाणींच्या उघड्या विहिरींची चाळण.

हाका मारत आम्ही पांगलो. टॅमसिन क्लॉडलाच सापडली. एका पडक्या खाणीच्या तोंडाशी, कुंपणाच्या आत, पालथी पडून ती काळोखात पर्लच्या नावानं ओरडत होती. त्यानं तिला कंबरेला धरून मागं ओढलं.

"तू आली होतीस ना गं? मग बिल्ला न घेता कशाला परत गेलीस?"

"पर्ल राहिली होती," पोरगी हुंदके देत म्हणाली. "बिल्ल्याचं कुठं सुचतंय?"

क्लॉड तिला खांद्यावर घेऊन बसपर्यंत आला. फळीपुढं थांबून त्यानं टॅमसिनचा लटकता बिल्ला बोटानं उचलून बघितला.

"कमिटीला हे पटायचं नाही, मर्ल."

"ठाऊक आहे."

"मांडतो मी तरी."

महिनाभर भांडून कमिटीनं दगडाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ घातली: जेबेझ ट्रेगॉनिंग, त्या दिवसापासून बेपत्ता. मर्लनं ती वाकून वाचली, तोंड न फिरवता सगळ्यांसमोर नाक शिंकरलं.

"पळाला म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "बास झालं."