खासदाराचा दुभाष्या

आमचा खासदार आणि मी धडगावकडच्या एकाच आश्रमशाळेत वाढलो. पावरीत, आमच्या घरच्या बोलीत, बोललं की गुरुजी हातावर छडी मारायचे; आम्ही दोघांनीही ती खाल्ली. पुढे मी शिक्षक झालो. तो सरपंच झाला, मग जिल्हा परिषदेत गेला आणि शेवटी दिल्लीत. खासदारकीच्या पहिल्या निवडणुकीत तो नर्मदाकाठी होडीत उभा राहून पावरीत बोलला. समोर धरणाच्या पाण्यात शेतं गेलेली माणसं. "दवाखान्याची बोट आणून देतो," म्हणाला. बायका रडल्या. मीही त्याच्यासाठी पाड्यापाड्यांवर हिंडलो होतो.

निवडून आल्यावर तो तिथे गेला तेव्हा सोबत अधिकारी होते. मला निरोप आला, साहेबांना दुभाष्या हवाय. मला वाटलं, अधिकाऱ्यांसाठी असेल. पण तो खुर्चीत बसून मराठीत बोलायला लागला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "सांगा त्यांना."

एक म्हातारी उठली. तिची सून बाळंतपणाला नेताना होडीतच मेली होती. पोटातलं मूलही गेलं. बोट का आली नाही, एवढंच तिनं विचारलं. मी ते मराठीत सांगितलं.

"पाठपुरावा सुरू आहे म्हणावं."

"पावरीत पाठपुराव्याला शब्द नाही," मी म्हणालो. "तूच सांग. ती काय बोलली ते तुला माझ्याआधी कळलंय."

त्याचा चेहरा ताठरला. "चारचौघांत साहेब म्हणायचं, मास्तर."

त्याचा शहाद्याचा कार्यकर्ता माझा दंड धरून म्हणाला, "चला, साहेबले उशीर व्हयी ऱ्हायना."

मी हात झटकला आणि म्हातारीला पावरीत सांगितलं, "हा खोटं बोलतोय. बोट येणार नाही."

थोड्याच दिवसांत माझी बदली खाली कळसाडीकडे झाली. ऊस-कापसाचा मुलूख; वर्गात पावरी बोलणारं एकही मूल नाही. त्यानं बदली केली असं कुणी कबूल केलं नाही. असली कामं तो फोनवरच करायचा. टीव्हीवर त्याचा आवाज आला की मी ताटावरून उठायचो. इतका द्वेष मी आयुष्यात कुणाचा केला नाही.

पुढच्या निवडणुकीत तो पुन्हा काठावर गेला, पुन्हा पावरीत बोलला आणि निवडूनही आला. नंतर धडगावच्या बाजारात ती म्हातारी भेटली. मी चिडून विचारलं, "त्यालाच मत दिलंस?"

"दिलं," ती म्हणाली. "दुसरा तर मत मागायलासुद्धा आला नाही."