थांबलंस की दाजी सुरू करतले

शाळेच्या हॉलमध्ये स्टेजच्या एका बाजूला माझा मरिंबा जोडून झाला होता. दुसऱ्या बाजूला, अगदी समोर, कोणीतरी गादी टाकून माइक लावत होतं. हा कोणासाठी, असं मी सावंत सरांना विचारलं.

"दाजी परबांचो पखवाज आसा," सर म्हणाले. "तू थांबलंस की दाजी सुरू करतले."

सावंत सर या शाळेचे हेडमास्तर. मालवणजवळचं हे माझं गाव, आणि मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून सर मला ओळखतात. दाजी म्हणजे गावच्या भजनातले जुने पखवाजवाले; माझ्यानंतर त्यांचं भजन असेल, असं धरून मी मान हलवली आणि वाद्य पुसायला घेतलं. समुद्राजवळची दमट हवा लाकडाला सोसत नाही, त्यामुळे माझं निम्मं लक्ष तिकडेच होतं.

मरिंबा म्हणजे काय, हे सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. पियानोच्या पट्ट्यांसारखी मांडणी असते, पण पट्ट्या चांगल्या हात-दीड हात लांब, शिसवी लाकडाच्या. प्रत्येक पट्टीखाली एक पोकळ नळी, तिच्यात सूर घुमतो. टोकाला लोकर गुंडाळलेल्या काठ्यांनी वाजवायचं. या काठ्यांना आम्ही मॅलेट म्हणतो आणि एकेका हातात दोन-दोन धरतो. पोट भरतं ते मात्र मुंबईत ऑर्केस्ट्रामध्ये सगळ्यांच्या मागे उभं राहून. तिथे बराच वेळ गप्प राहायचं आणि मग एकदा झांज आपटायची. चुकली तर मात्र सगळ्यांना कळतं.

या वाद्यासाठी जुन्या बड्या संगीतकारांनी काही लिहून ठेवलेलं नाही. जे आहे ते अलीकडचं. त्यामुळे आपल्यासाठी कोण लिहितं, यावर मरिंबावाल्याचं करिअर ठरतं. पुण्याच्या संगीतकार निखिलने एक नवी रचना लिहिली होती आणि मला ती मनापासून हवी होती. बंगळुरूचा एक वादकही तिच्यामागे होता. निखिलचं म्हणणं एवढंच होतं की आधी माणसांसमोर वाजव, मग कोणाला द्यायची ते ठरवू. त्याला अडचण त्यातल्या एका जागेची होती. शेवटाआधी सात मात्रांची दौड एकदम तुटते, एकच खर्जाचा सूर उरतो आणि तो विरून जाईपर्यंत काहीच वाजवायचं नाही. बराच वेळ. घरच्या तालमींत ती जागा दरवेळी पोकळ वाटायची. ती मी बिघडवते की त्याने लिहिलीच चुकीची, हे दोघांनाही कळत नव्हतं. लोकांसमोर काय होतं ते बघायला तो स्वतः कुडाळला उतरून आला होता आणि पहिल्या रांगेत बसला होता.

हॉल भरला होता. सुरुवातीला लोक मॅलेटकडे बघत होते, नंतर ऐकायला लागले. दौड सुरू झाली तसे पाय हलू लागले. मी दौड तोडली, खर्जाचा सूर सोडला आणि दोन्ही हात वर धरले. आमच्या पाश्चात्त्य संगीतात हात वर म्हणजे अजून संपलेलं नाही, टाळ्या नकोत.

आणि समोरून पखवाज वाजला.

तोही कसा, तर माझ्याच सात मात्रा उचलून, फिरवून, खणखणीत. हॉल एकदम जागा झाला. मागून शाबासक्या आल्या. निखिलचा चेहरा मी पाहिला आणि पुन्हा तिकडे बघितलं नाही. दाजींना हाताने थांबवावं असं क्षणभर मनात आलं, पण भरल्या सभेत म्हाताऱ्या माणसाचा तसा अपमान माझ्याने झाला नसता. त्यांनी सम गाठली आणि हसून माझ्याकडे बघितलं. मी शेवट वाजवून टाकला. नाजूक शेवट होता तो. कोणी ऐकला असेल असं वाटत नाही.

मध्यंतरात मी दाजींना गाठलं. मी चिडलेच होते, पण त्यांना नक्की काय ऐकू आलं याची उत्सुकता त्याहून जास्त होती.

"तू जोरात येऊन थांबलंस, हात वर केलंस," दाजी शांतपणे म्हणाले. "माका वाटला, जबाब मागतंस."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सरांनी डबलबारी ठरवली होती. आमच्या जिल्ह्यात भजनाची डबलबारी म्हणजे समोरासमोर दोन मंडळं, एकाने टाकायचं आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं. समोरचा थांबला आणि आपण गप्प बसलो, तर हरलो. सरांना विचारलं तर तेच बुचकळ्यात पडले. "मगे जबाब कोण देतलो?" म्हणाले.

निखिल परतीच्या गाडीची चौकशी करत होता. रचना हातची चालली होती. आता परत वाजवते, असं मी त्याला सांगितलं आणि दाजींना विनवलं की समोरच बसा, पण त्या जागी वाजवू नका. हे त्यांना मुळीच पटलं नाही. तरी बसले.

दुसऱ्यांदा दौड तुटली. मी हात वर धरले. अख्खा हॉल दाजींकडे वळला. दाजींचे दोन्ही तळवे पखवाजावर दाबून धरलेले, मान खाली. आता वाजवतील, आता वाजवतील, असं करत माणसं पुढे झुकली. पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. खर्जाचा सूर पार नळीच्या तळाशी जाऊन संपेपर्यंत मी तो ऐकला. अशी शांतता मी याआधी कुठेच ऐकली नव्हती, मुंबईच्या भारी हॉलमध्येही नाही. मग मी शेवट वाजवला, अगदी हळू, आणि या वेळी तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

निखिल स्टेजवर आला. "हीच जागा," एवढंच बोलला. आणि मग, "तुझी झाली रचना."

मला रडूच आलं. दाजी मात्र बोटं चोळत बसले होते.

"वाजवून कधी हात दुखाक नायत माझे," ते म्हणाले. "आज गप रवान दुखले गो."

ती रचना मी आता सगळीकडे वाजवते. आयोजकांशी बोलताना 'थांबले की' असं कधी म्हणत नाही. 'संपलं की' म्हणते, आणि त्यांच्याकडून दोनदा वदवून घेते.