माझं गाऱ्हाणं

डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला सरांनी वर्गात सांगितलं, की सोमवारी प्रत्येकानं पुढे येऊन सरत्या वर्षात काय केलं आणि पुढच्या वर्षी काय करणार ते बोलायचं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्गात माझा आवाज फक्त हजेरीला निघायचा, आणि तोही इतका बारीक, की सर मान वर करून मी आहे का ते बघायचे.

सांगण्यासारखं काही नव्हतं असं नाही. पावसाळ्यात लावणी केली होती, सुट्टीत कुळगीच्या जंगल कॅम्पजवळ पर्यटकांसाठी भाकऱ्या भाजल्या होत्या, सगळे विषय सुटले होते. पण ते पुढे उभं राहून सांगायचं कसं, तेच कळेना. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "रविवारी गाऱ्हाणं हाय. त्यातच घालू."

भात घरात आलं की कन्नड मुलखातल्या आमच्या गावात प्रत्येक घर नारळ घेऊन देवापाशी जमतं. गावचे मानकरी, म्हणजे आमचे सगळ्यांचे आजा, एकेका घराच्या वतीनं देवाशी मोठ्यानं बोलतात. वर्ष कसं गेलं, पुढं काय हवं. बाकीचे "व्हय महाराजा" म्हणतात.

आमची पाळी आली. आजांनी सांगितलं, की ह्या घराचं भात बरं झालं, खालचं शेत डुकरांनी खाल्लं, तर पुढच्या वर्षी डुकरांना दुसरी वाट दाखव. सगळे "व्हय महाराजा" म्हणाले. शेजारचे शेतवाले काका तेवढे गप्प राहिले.

मग बाबांनी माझी अडचण सांगितली. आजांनी हातातला नारळ खाली ठेवला.

"मी म्हैस मागितली, पाऊस मागितला," ते म्हणाले. "कॉलेजात काय बोलत्यात मला म्हाईत न्हाई. पोरी, तूच सांग देवाला."

मागून एक काकू पुटपुटल्या, की आजवर कुठल्या पोरीनं गाऱ्हाणं घातलेलं नाही.

"मग आजवर कॉलेजात तरी कोण गेलं हुतं?" आजा म्हणाले.

मी हात जोडून उभी राहिले. महाराजा, म्हटलं, मला उत्तर येतं, पण हात वर करेपर्यंत दुसरंच कुणीतरी सांगून मोकळं होतं. "व्हय महाराजा," सगळे म्हणाले. पुढच्या वर्षी मला वेळेत हात वर करायचाय. "व्हय महाराजा." कॉम्प्युटर शिकायचाय, कन्नड निबंध न बघता लिहायचाय. "व्हय महाराजा."

एवढी माणसं माझ्या बोलण्याला एकापाठोपाठ एक हो म्हणतायत, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. मला गोडी लागली. लायब्ररी बसच्या वेळेपर्यंत उघडी राहू दे म्हटलं. कॉलेजला जाताना रामनगरच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मागितली. इंग्रजीच्या पुस्तकातल्या तिसऱ्या धड्याबद्दल माझं काय मत आहे, तेही देवाला सविस्तर सांगितलं. बाबा दोनदा खाकरले. बायका एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकू लागल्या, तरी "व्हय" येतच होतं, फक्त जरा बारीक.

शेवटी आजांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बाय," ते हळूच म्हणाले, "अजून बाकीच्यांचे नारळ हाईत. थोडं सोमवारला ठेव."