यादीतली लाल ओळ

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी एका नवजात बाळाचं वजन अठ्ठावीस किलो भरलं. मधलं टिंब तेवढं राहून गेलं. जिल्ह्याहून फोन आला, "काऊन भाऊ, हत्तीचं पिल्लू जन्मलं का तुमच्या दवाखान्यात?" आमच्या गडचिरोलीच्या जंगलात हत्ती येऊन राहिले होते, त्यामुळे प्रश्न अगदीच वावगा नव्हता. घरी तर बायको महिनाभर मला जेवायला हाक मारायची ती 'हत्तीचे डॉक्टर' अशीच. मी डॉक्टर नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात संगणकावर आकडे भरतो.

ती चूक संगणकानेच पकडून जिल्ह्याला दाखवली होती. दुसरी पकडली नाही.

लसीची तारीख उलटली, की त्या बाळाची ओळ पडद्यावर लाल होते. आमच्याकडे भात निघाला, की अर्धं गाव मिरची तोडायला तेलंगणात जातं, आणि तेव्हा माझा पडदा पळस फुलल्यासारखा दिसतो. एका वर्षी तालुक्याच्या आढावा बैठकीच्या आदल्या दिवशी एकच लाल ओळ उरली होती. नऊ महिन्यांची मुलगी, गोवराची लस बाकी.

त्या गावची आशाताई म्हणाली, "घराले कुलूप हाये, भाऊ. होळीले येतो म्हणून सांगून गेली तिची माय."

पडद्यावर दोन पर्याय होते. 'तात्पुरते बाहेरगावी' दाबलं तर ओळ लालच राहते. 'कायमचे गाव सोडले' दाबलं की ओळ जाते. मी दुसरं दाबलं. होळीनंतर परत जोडू म्हटलं.

बैठकीत साहेबांनी माझी यादी सगळ्यांना दाखवली. त्या आनंदात मी घरी समोसे नेले आणि होळीनंतरचं काम विसरलो.

मायलेकी होळीला परत आल्या. आशाताई दर महिन्याला मी काढून दिलेली यादी घेऊन घरोघर फिरते. यादीत मुलीचं नाव नव्हतं, तेव्हा लस तिकडेच झाली असेल असं तिने धरलं. मुलीच्या मायला वाटलं, बोलावलं नाही म्हणजे काही राहिलं नाही. दोघींचाही माझ्या कागदावर विश्वास होता.

पावसाळ्यात मुलीला गोवर झाला. जीव वाचला. पण दोन्ही कान वाहू लागले, आणि ते थांबले तेव्हा तिला ऐकू येत नव्हतं.

मी तिचं नाव पुन्हा यादीत घेतलं. एक बटण, अर्धं मिनिट.

मग एका संध्याकाळी तिच्या घरी गेलो. मुलगी अंगणात पाठमोरी बसून मातीत रेघोट्या ओढत होती. मी टाळी वाजवली. कोपऱ्यातली कोंबडी दचकली, मुलगी नाही. तिच्या मायने खाट टाकली, काळा चहा दिला. म्हणाली, "दवाखान्यातून एवढ्या दूर कोणी विचाराले येत नाई, भाऊ. तुमी आले, बरं वाटलं."

मी म्हणालो, "चहा छान झाला."

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं, अगदी त्या बटणापासून. ती भाकरी थापत होती. हात थांबवून तिने विचारलं, "अन् तिच्या मायले सांगतलं का हे?"

"नाही."

"मंग कायले गेले होते तिच्या घरी? चहा प्याले?"