घड्याळाच्या मापाचा स्टँड

मी ज्यांच्याकडे कोरीवकाम शिकलो ते काका पटाशीवर फुंकर मारूनच ती खाली ठेवत, चहा गार करून पीत आणि कपाळावरचा चष्मा घरभर शोधत. खिशातली घड्याळं टेकवायचे जुने नक्षीदार स्टँड ते दुरुस्त करत. त्यांचा मुलगा ते दुकानात विकत असे. आपल्या वडिलांच्या घड्याळासाठी मात्र ते नवा स्टँड कोरत होते. दोन पाखरं झाली होती, मधलं भोक घड्याळाच्या मापाने पाडायचं होतं.

मध्येच ते आजारी पडले. दवाखान्यातून परतताच त्यांनी घड्याळ मागितलं.

"विकलं," मुलगा म्हणाला. "तुम्ही परत याल असं कुणाला वाटलं होतं, बाबा?"

सून फिसकन हसली.

आठवड्याभरात काका गेले. काल मुलाने तो स्टँड माझ्यापुढे टाकला. "लाडका होतास ना त्यांचा? भोक तेवढं पाडून दे. गिऱ्हाईक थांबलंय."

पाखरांच्या मधलं लाकूड कोरं आहे. मापाची खूणसुद्धा नाही.